अंबडचा पगार, तीन क्रेडिट कार्डं आणि नादारीचा अर्ज : एक प्रकरण

या प्रकरणातलं कुटुंब उदाहरणादाखल रचलेलं आहे. नाशिकमधल्या अंबड-सातपूरच्या कामगार घरांत ज्या प्रकारची कर्जं असतात ती इथे एकाच घरात आणली आहेत, म्हणून कुणाचं नाव नाही. नादारी म्हणजे देणी फेडण्याची ताकद नाही, असं न्यायालयाकडून ठरवून घेणं. कायदा, कलमं आणि रिझर्व्ह बँकेचे नियम मात्र जसे आहेत तसेच दिले आहेत.

घर आणि आकडे

गृहस्थ ४१ वर्षांचे. अंबड एमआयडीसीत गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात सीएनसी मशीनवर कामाला. पगार ३४,००० रुपये. त्यातले ५,००० कामगार पतसंस्थेच्या हप्त्यापोटी कारखान्यातूनच कापले जातात, हाती २९,००० येतात. पत्नी सिडकोत शिलाईकाम करतात, महिन्याला ७,००० मिळवतात. एकूण ३६,०००. पाथर्डी फाट्याजवळ वन बीएचके फ्लॅट, दोघांच्या नावावर.

गाडी घसरली ती ओव्हरटाइम बंद झाल्यावर. घराचा सगळा हिशोब ओव्हरटाइम धरून बसवला होता. त्यातच वडिलांना दवाखान्यात ठेवावं लागलं. विम्यातून सुटली नाही ती रक्कम दोन कार्डांवर गेली. पुढे एका कार्डाचं बिल भरायला दुसरं कार्ड, आणि शेवटी ओळखीच्या दुकानात कार्ड स्वाइप करून, कमिशन कापून रोख घेणं. ‘कार्ड फिरवणं’ म्हणतात ते हेच. या फिरवण्याचा कायद्याच्या दृष्टीने काय अर्थ होतो ते पुढे येईलच.

नोंदवहीत मांडल्यावर देणं असं दिसलं. तीन कार्डं मिळून ४,२०,००० (२,१०,०००, १,४५,००० आणि ६५,०००, तिसऱ्यावर पत्नीच्या नावाचं ॲड-ऑन कार्ड). फायनान्स कंपनीचं वैयक्तिक कर्ज २,३०,०००. पतसंस्थेचं १,५०,०००, त्याला कारखान्यातले दोन सहकारी जामीनदार. पत्नीच्या दागिन्यांवर सोनेतारण ९०,०००. गृहकर्ज ११,००,०००. मेहुण्याकडून हातउसने ५०,०००. बेरीज २०,४०,०००.

आता महिन्याचा जाच पाहा. गृहकर्जाचा हप्ता ११,५००, वैयक्तिक कर्जाचा ७,८००, सोनेतारणाचं व्याज ९००, आणि कार्डांची किमान रक्कम थकबाकीच्या ५ टक्के धरली तर २१,०००. एकूण ४१,२००. घरात येतात ३६,०००. म्हणजे किराणा, लाईट बिल, मुलीची फी यांचा विचार करण्याआधीच खड्डा.

किमान रक्कम भरत राहणं हा यातला सगळ्यात महागडा निर्णय होता. महिना साडेतीन टक्क्याने ४,२०,००० वर व्याज होतं १४,७००. कार्डाच्या व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो, तो २,६४६. २१,००० भरून मुद्दल कमी झालं जेमतेम ३,६५४ रुपयांनी. या दराला वर मर्यादा घालणारा राष्ट्रीय ग्राहक आयोगाचा २००८ चा निकाल होता. वर्षाला ३० टक्क्यांहून जास्त व्याज ही अनुचित प्रथा आहे, असं त्यात म्हटलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने तो २० डिसेंबर २०२४ रोजी रद्द केला. त्यामुळे ‘एवढं व्याज बेकायदा आहे’ या भरवशावर कुणी राहू नये.

‘दिवाळखोरी जाहीर करू, सगळं माफ होईल’

हा विचार त्यांच्या डोक्यात आला तो मोबाइलवरच्या व्हिडिओतून. व्हिडिओ हिंदीत होता, पण त्यात सांगितलेला कायदा अमेरिकेचा. तिथे ‘चॅप्टर ७’ खाली अर्ज दाखल झाला की वसुली आपोआप थांबते, आणि सगळं सुरळीत गेलं तर साधारण चार महिन्यांत क्रेडिट कार्डासारखी विनातारण देणी माफ होतात. क्रेडिट अहवालावर नोंद दहा वर्षं राहते. तिथेही पोटगी, अलीकडचे कर, बहुतेक शैक्षणिक कर्जं सुटत नाहीत, आणि अर्जाच्या तोंडावर केलेली चैनीची खरेदी तपासली जाते. हे सगळं खरं आहे, पण ते नाशिकच्या माणसाला लागू नाही.

आपल्याकडे २०१६ ची नादारी व दिवाळखोरी संहिता आहे. तिच्या तिसऱ्या भागात व्यक्तींसाठी तरतुदी लिहिलेल्या आहेत. पण १ डिसेंबर २०१९ पासून तो भाग फक्त कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांसाठी अमलात आला. पगारदार कार्डधारकासाठी तो लागूच केलेला नाही. त्यातली ‘नवी सुरुवात’ नावाची सवलत लागू असती तरी या घराला मिळाली नसती: वार्षिक उत्पन्न ६०,००० पर्यंत, मालमत्ता २०,००० पर्यंत, देणी ३५,००० पर्यंत आणि स्वतःचं घर नसावं, अशा तिच्या अटी आहेत. ज्यांनी हे आकडे ठरवले त्यांच्यासमोर शहरातला कर्जबाजारी कामगार नव्हता, असं माझं स्पष्ट मत आहे.

मग उरतो १९२० चा प्रांतिक नादारी कायदा. मुंबई, कोलकाता, चेन्नई या शहरांसाठी १९०९ चा वेगळा कायदा आहे. नाशिकसाठी १९२० चा. अर्ज जिल्हा न्यायालयात, म्हणजे सीबीएस बसस्थानकाजवळच्या कोर्टात. कलम १० नुसार देणी किमान ५०० रुपयांची असावीत, किंवा पैशाच्या हुकूमनाम्यात (दिवाणी न्यायालयाने पैसे फेडायचा दिलेला आदेश) अटक झालेली असावी, किंवा मालमत्तेवर जप्तीचा आदेश असावा. ५०० रुपये ही शंभर वर्षांपूर्वीची रक्कम आजही तशीच आहे, त्यामुळे ही अट कुणीही पूर्ण करतो. दार उघडं आहे, हे खरं. आत गेल्यावर काय होतं, ते समजून न घेता त्यातून शिरू नये.

अर्ज केला असता तर

नुसता अर्ज टाकला म्हणून बँकांचे फोन थांबत नाहीत. न्यायालय धनकोंना, म्हणजे ज्यांचं देणं आहे त्यांना, नोटीस देतं, सुनावणी घेतं, आणि देणी फेडण्याची ताकद नाही याचा प्रथमदर्शनी पुरावा मागतं. मग ‘नादार’ ठरवण्याचा आदेश होतो. कलम २८ चं संरक्षण या आदेशानंतर मिळतं: मालमत्ता न्यायालयाकडे किंवा त्याने नेमलेल्या रिसीव्हरकडे जाते, आणि विनातारण धनकोला न्यायालयाच्या परवानगीशिवाय वसुलीचा दावा लावता येत नाही. अटकेपासून संरक्षणासाठी कलम ३१ खाली वेगळा आदेश मागावा लागतो.

कार्डांचं काय होतं? तिन्ही कार्डांची बाकी विनातारण म्हणून एका रांगेत लागते. वैयक्तिक कर्ज, पतसंस्था आणि मेहुणेही त्याच रांगेत. सरकारी देणी आणि नोकरांचं ठरावीक वेतन आधी फेडायचं, मग उरलेलं सगळ्यांना देण्याच्या प्रमाणात. गृहकर्ज आणि सोनेतारण या रांगेत नाहीत. तारण ज्याच्या हातात आहे तो धनको आपल्या तारणाकडे बघतो. नादारीचा आदेश त्याचा हात धरत नाही.

आता खरा हिशोब. फ्लॅटची किंमत १८ लाख धरली आणि गृहकर्ज वजा केलं तर ७ लाख उरतात. अर्धा वाटा पत्नीचा. म्हणजे गृहस्थांचे साडेतीन लाख रिसीव्हरच्या ताब्यात, आणि ते मिळवायला फ्लॅट किंवा त्यातला वाटा विकावा लागणार. विनातारण देणी आहेत ८,५०,०००. म्हणजे रुपयाला ४१ पैसे.

इथे १९२० चा कायदा एक प्रश्न विचारतो, आणि तो विचारतो आण्यांत. कलम ४२ म्हणतं, मालमत्ता विनातारण देण्यांच्या रुपयामागे आठ आण्यांइतकी (५० पैसे) भरत नसेल, तर देण्यांतून पूर्ण मुक्तता नाकारावी. मात्र ही तूट ज्या कारणांनी आली त्यांना आपण जबाबदार नव्हतो, हे ऋणकोने, म्हणजे देणेकऱ्याने, पटवून द्यायला हवं. इथे भरतात साडेसहा आणे. वडिलांचं आजारपण, ओव्हरटाइम बंद होणं ही कारणं पटण्यासारखी आहेत. पण त्याच कलमात पुढची अटही आहे: फेडण्याची वाजवी शक्यता नसताना कर्ज घेतलं का? आणि इथे ‘कार्ड फिरवणं’ समोर येतं. शेवटच्या महिन्यांत दुकानात स्वाइप करून काढलेली प्रत्येक रक्कम बँकेचा वकील कोर्टापुढे ठेवू शकतो. फसवणुकीने घेतलेलं देणं ठरलं तर ते मुक्ततेनंतरही कायम राहतं, कलम ४४ नुसार. म्हणून सल्ला घ्यायला बसल्या दिवसापासून कार्डं बंद. कात्री लावून ठेवली तरी चालेल, फिरवायची नाहीत.

कलम ४४ मध्येच आणखी एक ओळ आहे, आणि या प्रकरणात माझ्या मते तीच निर्णायक ठरली. ऋणको मुक्त झाला तरी त्याचा जामीनदार मुक्त होत नाही.

पतसंस्थेचे दोन जामीनदार कारखान्याच्या त्याच विभागात, त्याच पाळीत काम करतात. अर्ज मंजूर झाला असता तर गृहस्थांच्या पगारातली कपात थांबली असती आणि पतसंस्थेने वसुली दाखला घेऊन त्या दोघांकडे मोर्चा वळवला असता. ते दोघे तेवढ्याच पगारावर तेवढेच हप्ते भरणारे. कागदावर एक माणूस सुटला असता आणि दोन घरं अडकली असती. पतसंस्थेचं नाव निघालं तेव्हा पत्नी एवढंच म्हणाल्या, “अहो, वहिनींना मी कुठल्या तोंडाने भेटू?” सल्ला देणाऱ्या वकिलांनीही हा मुद्दा कलमाइतकाच गंभीरपणे घेतला, हे मला फार मोलाचं वाटतं.

नादार ठरल्यानंतर आणि मुक्तता मिळण्याआधी आणखी बंधनं आहेत. आपण नादार आहोत हे न सांगता ५० रुपये किंवा जास्त उधार घेतलं तर कलम ७२ नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद. रकमेचा आकडा १९२० चाच. स्थानिक स्वराज्य संस्थेची निवडणूक लढवता येत नाही. मुक्ततेपर्यंत जे काही नव्याने मिळेल, अगदी वारसाहक्काचंही, ते रिसीव्हरकडे जाऊ शकतं.

एजंटचा सल्ला

दरम्यान कर्जमुक्तीची जाहिरात करणाऱ्या एका एजंटने दोन गोष्टी सुचवल्या होत्या: फ्लॅटमधला आपला हिस्सा भावाला बक्षीसपत्राने द्या, आणि घरातलं देणं म्हणून मेहुण्याचे ५०,००० आधी फेडून टाका. मग अर्ज करा.

दोन्ही घातक. अर्जाआधीच्या दोन वर्षांत फुकट दिलेल्या मालमत्तेचं हस्तांतर, पुढे नादार ठरल्यावर, कलम ५३ खाली रद्द होऊ शकतं. अर्जाआधीच्या तीन महिन्यांत एका धनकोला मुद्दाम झुकतं माप दिलं तर कलम ५४ खाली ते पैसे परत मागवता येतात. शिवाय धनकोंना चुकवायला केलेलं हस्तांतर दिसलं की न्यायालयाचा ऋणकोवरचा विश्वास उडतो, आणि नादारीच्या प्रकरणात सगळं त्या विश्वासावर उभं असतं. एजंटने यासाठी आगाऊ फी मागितली होती. ती दिली गेली नाही.

काय केलं

अर्ज करायचा नाही, असं ठरलं. पण अर्जाच्या तयारीसाठी जी यादी करावी लागते ती मात्र पूर्ण केली: कोणतं देणं, कुणाचं, तारण काय, जामीन कोण, न भरल्यास कुणाच्या दारात जाईल. रकमेपेक्षा शेवटचा रकाना महत्त्वाचा मानून क्रम लावला.

पतसंस्थेची कपात चालू ठेवली. गृहकर्ज चालू. वैयक्तिक कर्जाचा हप्ता बँक खात्यातून आपोआप जाणारा होता. असा हप्ता खात्यात पैसे नसल्याने परत गेला तर २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याच्या कलम २५ खाली फौजदारी तक्रार होऊ शकते, धनादेश न वटल्यावर होते तशीच. म्हणून तोही चालू. सोनेतारणाच्या व्याजासकट घरखर्चाला १५,००० ठेवून उरले १,७००. कार्डांना त्या महिन्यापासून काहीही गेलं नाही. तिन्ही बँकांना लेखी कळवलं: उत्पन्न इतकं घटलं, ही कागदपत्रं, हप्ते बांधून द्या किंवा तडजोड करा.

एक गोष्ट त्याआधी करावी लागली. दुसरं कार्ड आणि पगाराचं खातं एकाच बँकेत होतं. अशा वेळी बँक थकबाकीपोटी खात्यातली रक्कम रोखून धरू शकते. पगाराचा दिवस, आणि खात्यावर होल्ड. कारखान्यात अर्ज देऊन पगार दुसऱ्या बँकेत वळवला. हे लपवाछपवीचं काम नाही. घरातल्या माणसांना जेवू घालायचा पैसा आधी सुरक्षित करणं आहे.

पीएफ काढून कार्डं फेडावीत, असं सासऱ्यांचं मत होतं. त्याला मी ठाम विरोध करेन. पीएफ, पीपीएफ आणि आयुर्विम्याची रक्कम दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० खाली जप्तीतून मुक्त आहे. बँकेला कोर्टातूनही जे मिळू शकत नाही, ते आपण होऊन तिच्या हातात का द्यायचं?

याच कलमातून पगाराचाही हिशोब निघतो. हुकूमनाम्यात पहिले १,००० आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश सुरक्षित असतात. ३४,००० पैकी २३,००० घरात, जास्तीत जास्त ११,००० जप्तीला. आणि एकाच हुकूमनाम्यासाठी ही जप्ती एकूण २४ महिनेच. म्हणजे २,१०,००० च्या कार्डासाठी बँकेने दावा लावला, खर्च केला, वर्षं घालवली, तरी पगारातून मिळणारं ढोबळमानाने २,६४,००० च्या आत. तडजोडीला बसताना हा आकडा माहीत असला की बोलण्यातली भीती जाते. बँकेचे अधिकारी तो जाणतातच.

भीतीचंच सांगायचं तर वसुलीवाले कारखान्याच्या गेटवर आले, एका जामीनदाराला फोन गेला, ‘पोलीस येतील’ म्हणाले. पैसे नाहीत म्हणून न फेडणं हा गुन्हा नाही. ऐपत नसलेल्या माणसाला नुसत्या देण्यासाठी दिवाणी तुरुंगात टाकता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्येच जॉली जॉर्ज व्हर्गीस प्रकरणात सांगितलं आहे. सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीचे फोन करायचे नाहीत, नातेवाईक-मित्रांना त्रास द्यायचा नाही, चारचौघांत अपमान करायचा नाही, असे रिझर्व्ह बँकेचे नियम आहेत. फोनच्या वेळा, मेसेजचे स्क्रीनशॉट, गेटवरचा प्रसंग असं सगळं लिहून बँकेच्या तक्रार कक्षाला पाठवलं. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते. ती वेळ आली नाही. गेटवर येणं थांबलं.

दागिने

हा भाग लिहिताना माझा हात जड होतो. सोनं पत्नीचं स्त्रीधन. ते नवऱ्याच्या नादारीत रिसीव्हरकडे गेलं नसतं, आणि नवऱ्याच्या कार्डांना त्या बांधील नाहीत. ॲड-ऑन कार्ड त्यांच्या नावावर असलं तरी देणं मूळ कार्डधारकाचंच. हे सगळं वकिलांनी त्यांना वेगळं बसवून सांगितलं, नवरा समोर नसताना. “ताई, तुमच्यावर कायद्याने काही येत नाही. नाही म्हणालात तरी आपण दुसरा मार्ग काढू.” त्यांनी दोन दिवस घेतले. मग तारणातल्या पाटल्या आणि गोफ विकायला तयार झाल्या, मंगळसूत्र नाही. विक्रीतून सोनेतारण फिटलं आणि १,६०,००० हाती राहिले. बदल्यात फ्लॅटमधला हिस्सा आपल्या नावे करून द्या, असं त्या म्हणाल्या असत्या तर ते मला रास्त वाटलं असतं. पण देणी बाकी असताना तसं हस्तांतर वादात सापडलं असतं. म्हणून तूर्त फक्त रकमेची लेखी नोंद ठेवली.

पहिलं कार्ड ९५,००० वर मिटलं, तीन हप्त्यांत. दुसऱ्याची बँक लोकअदालतीत आली. लोकअदालतीची नोटीस म्हणजे अटकेचं वॉरंट नाही, पण तिथे सही केलेली तडजोड हुकूमनाम्याइतकी पक्की असते आणि तिच्यावर अपील नाही. म्हणून हप्ते न बांधता एकरकमी ६२,००० ठरवले आणि भरले. तिसऱ्या कार्डाचे ६५,००० महिना ३,३०० च्या २४ हप्त्यांत बदलून घेतले. १,७०० च्या वरचे १,६०० रविवारच्या ओव्हरटाइममधून येतात.

दोन्ही तडजोडींत बँकेच्या लेटरहेडवरचं पत्र आधी घेतलं, त्यात अंतिम रक्कम आणि ‘उर्वरित मागणी नाही’ हे वाक्य पाहिलं, मग पैसे थेट कार्ड खात्यात भरले. वसुलीवाल्याच्या यूपीआयवर एक रुपयाही नाही. क्रेडिट अहवालात या दोन कार्डांपुढे ‘सेटल्ड’ असं दिसतं, ‘क्लोज्ड’ नाही. तडजोड केलेल्या बँकेकडून पुढे किमान १२ महिने नवं कर्ज मिळत नाही, हा २०२३ च्या रिझर्व्ह बँकेच्या चौकटीतला नियम. इतर बँकाही ‘सेटल्ड’ बघून मागे हटतात. पहिल्या कार्डाची बाकी अहवालात जुनीच दिसत होती. दुरुस्तीचा अर्ज दिला. ३० दिवसांत दुरुस्ती झाली नाही तर दिवसाला १०० रुपये भरपाई मागता येते.

नादारीचा अर्ज कुणीच करू नये, असं मी म्हणणार नाही. ज्याला घर नाही, जामीनदार नाहीत, तीन-चार हुकूमनामे अंगावर आहेत आणि हुकूमनाम्याच्या वसुलीसाठी अटकेची दरखास्त (अर्ज) लागली आहे, त्याने वकिलाला १९२० च्या कायद्याबद्दल जरूर विचारावं. कामगारांना आणि स्त्रियांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो.

पतसंस्थेचे हप्ते अजून अडीच वर्षांहून जास्त चालतील. मेहुण्याचे ५०,००० तसेच आहेत. त्यांना यादी दाखवली, त्यात त्यांचं नाव शेवटी का आहे ते सांगितलं. तिसऱ्या कार्डाचे हप्ते संपले की महिना ३,३०० त्यांच्याकडे वळतील, असं ठरलं आहे.